कुरडया वाळेपर्यंत

उत्कर्ष : पीयूषभाई टेम्पो घेऊन पादऱ्याहून निघालेत, आई. या साड्या उचल आता.

निरुपमा : जोरात बोल. या खोलीत हळू बोललेलं कुणाला ऐकू येतंय?

उत्कर्ष : म्हटलं, साड्या उचल. मशिनं न्यायला टेम्पो येतोय.

निरुपमा : साड्यांवर मोहनाच्या रुखवताच्या कुरडया आहेत. निम्म्याच वाळल्यात. आज हलवल्या तर आंबतील.

उत्कर्ष : काकूची मुलगी, काकूचं रुखवत. काकू बघेल ना.

निरुपमा : काकू काय बघणार? नवऱ्यामुलाला परदेशी जायचं म्हणून भर पावसाळ्यात लग्न काढलं. ऊन आहे का कुठे? अख्ख्या बडोद्यात आज वाळवण होतंय ते या एका खोलीत.

उत्कर्ष : ही वाळवणाची खोली नाहीये. माझी नि दीप्तीची झोपायची खोली आहे.

निरुपमा : पलंग बाहेर काढून मांडण्या कुणी लावल्या? मी?

उत्कर्ष : मीच लावल्या. म्हणून तर ती इंदूरला जाऊन बसलीय. मशिनं बंद झाल्याशिवाय रावपुऱ्यात पाऊल टाकणार नाही म्हणाली. पाचला तिचा फोन येणार आहे. शेवटचं विचारणार आहे ती.

निरुपमा : मग पाठव की फोटो, मागच्यासारखा. मशिनांवर चादर टाकून.

उत्कर्ष : चादर मशिनांच्या पंख्यांनी फुगलेली दिसत होती त्यात. आठ दिवस बोलली नाही.

निरुपमा : जरा सरक. वरच्या मांडणीवर शेजारच्या कांचनबेनचा मुखवास आहे, तुझी कोपरं लागतायत.

उत्कर्ष : कांचनबेनचा पण?

निरुपमा : मुखवास त्यांचा, मधल्या मांडणीवर त्यांच्या सुनेची तांदळाची पापडी, आणि खाली गल्लीतल्या पोरांचे ओले बूट. मी वेळापत्रक करून दिलंय सगळ्यांना. नाहीतर धक्काबुक्की होते.

उत्कर्ष : आई, लोकांना काय सांगितलंयस तू? ही मशिनं कशाची आहेत म्हणून?

निरुपमा : त्यांनी विचारलंच नाही. वाळवणाचा धंदा काढलायस असंच समजतात सगळे. चांगलं बोलतात तुझ्याबद्दल. पहिल्यांदाच.

उत्कर्ष : हे डिजिटल नाणं काढायचं यंत्र आहे. किती वेळा सांगितलं तुला.

निरुपमा : सांगितलंस. पण जन्मभर गणित शिकवूनही माझ्या डोक्यात ते शिरलं नाही. आज जातायत तर एकदा नीट सांग. ही रात्रंदिवस करतात काय?

उत्कर्ष : एक आकडा शोधतात.

निरुपमा : कुठल्या रीतीने?

उत्कर्ष : रीत नाही. अंदाजाने. हा नाही तर तो, तो नाही तर पुढचा. जगभरातली मशिनं तेच करत असतात. ज्याला आधी सापडेल त्याला नाणं.

निरुपमा : आणि बाकीच्यांनी केलेली आकडेमोड?

उत्कर्ष : फुकट. टाकून द्यायची. मग नवा आकडा शोधायला घ्यायचा.

निरुपमा : म्हणजे सगळ्या वर्गाने अंदाजाने उत्तरं लिहायची, एकाला पैकीच्या पैकी आणि बाकीच्यांच्या वह्या बंबात. असा वर्ग मी उन्हात उभा केला असता.

उत्कर्ष : त्यानेच नाण्यावरचा विश्वास टिकतो, असं म्हणतात.

निरुपमा : आणि त्यापायी गल्लीचे दिवे मिणमिणतात. परवा वीज कंपनीचा माणूस जिन्यात उभा राहून विचारत होता, अहीं कोई फॅक्टरी छे? इथली वायर कढईसारखी तापलेली. मी म्हटलं, ना भाई, घर छे. मला लाज वाटली रे.

उत्कर्ष : मशिनं तापतात म्हणून एसी लावला. एसीने वीज वाढली म्हणून आणखी मशिनं घेतली, की निदान एसीचा खर्च निघेल. ती तापली.

निरुपमा : म्हणून मी एसी बंद केला.

उत्कर्ष : कधी?

निरुपमा : कुरडया घातल्या तेव्हा. गार हवेत वाळतात होय?

उत्कर्ष : तरीच मशिनं दुपारी आपोआप बंद पडत होती.

निरुपमा : दुपारी मी बंद करते. दोन घटका आडवं व्हायला नको? त्यांनाही बरं.

उत्कर्ष : आई, तीच वेळ... जाऊ दे. तसंही काही सापडत नव्हतं. पीयूषभाईंनाही नाणं नकोच आहे. परवा बघायला आले तर मशिनाकडे ढुंकून पाहिलं नाही. कुरडई मोडून पाहिली आणि म्हणाले, लई जईश, घेऊन जातो. मिरची वाळवायचीय त्यांना.

निरुपमा : शहाणा माणूस. मग त्यांना म्हणावं, कुरडया वाळेपर्यंत थांबा. दीप्ती कुठे पळून चाललीय? माहेरी कुणी कायमचं राहतं का?

उत्कर्ष : ती राहील. आई, मला ती हवीय.

निरुपमा : काय हवंय?

उत्कर्ष : दीप्ती.

निरुपमा : पंख्यापाशी उभा राहून पुटपुटू नकोस. काय हवंय?

उत्कर्ष : दीप्ती हवीय मला. तिच्याशिवाय मला करमत नाही. या घरात घास उतरत नाही माझा.

निरुपमा : ...कांचनबेन गॅलरीत आल्या बघ.

उत्कर्ष : येऊ देत.

निरुपमा : तिला सांगितलंयस का हे कधी?

उत्कर्ष : इथे? रात्री उशी मागायची तरी ओरडून मागावी लागायची. असलं काही ओरडून कसं सांगणार? तिचाच फोन वाजतोय.

निरुपमा : थांब. उचलू नकोस. आधी बाजूला हो.

(निरुपमा भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढते. मशिनांचे पंखे एकेक करून थांबतात.)

उत्कर्ष : आई, कुरडया...

निरुपमा : मोहनाच्या रुखवतात लाडू मांडू. उचल फोन.

उत्कर्ष : हॅलो! दीप्ती! ऐकू येतंय का!

दीप्ती : अरे, कान फुटला माझा. ओरडतोस कशाला?

उत्कर्ष : सवय गं. मशिनं बंद केली. थांब, व्हिडिओ लावतो.

दीप्ती : व्हिडिओ नको. चादरी पाहिल्यात मी तुझ्या.

उत्कर्ष : खरंच बंद आहेत. आईने केली.

दीप्ती : आईंनी? त्यांच्या कुरडया होत्या ना? मोहना सांगत होती.

उत्कर्ष : अजून आहेत. ओल्या. दीप्ती, मला करमत नाही इथे.

दीप्ती : ...काय म्हणालास?

उत्कर्ष : ऐकू नाही आलं?

दीप्ती : आलं. तू इतक्या हळू बोलू शकतोस हे माहीत नव्हतं. आणि मागे ते करकर काय वाजतंय?

उत्कर्ष : आई कुरडया उलटतेय. आता छताच्या पंख्याखाली वाळतायत का बघतेय.

दीप्ती : एवढंसं मला इथे, इंदूरला ऐकू येतंय?

उत्कर्ष : हो.

दीप्ती : मग निघते मी.