दुपारच्या मुंगीबद्दल सांगायचं राहिलेलं

अध्यक्षस्थानी बसलेल्या संस्थेच्या संचालकबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर देलिया बासोत्ती, आमचे डॉक्टर इलारियो पेस्कारा, आणि समोर बसलेल्या सर्व विद्वान मंडळींनो,

तुम्हाला चारशे मुंग्यांची लॅटिन नावं पाठ असतात, आणि आपली टोपी माझ्या घरी राहिली हे मात्र एकालाही आठवत नाही. पंधरा वर्षांत माझ्याकडे नऊ टोप्या, तीन थर्मास आणि डाव्या पायाचा एक बूट जमलाय. एका बुटावर माणूस मेंदोसा शहरापर्यंत कसा पोचला, याचा विचार मी अजून करते. सगळं नातीबरोबर पाठवलंय. दाराशी टेबलावर मांडलेलं असेल. जाताना ज्याचं त्यानं उचलावं.

मी त्रान्सितो ताल्केंका. आटलेल्या तळ्यांच्या अलीकडे, वाळवंटात, शेळ्या राखते. मला अक्षर येत नाही. मी सांगतेय आणि नात नेलिदा लिहून घेतेय. तुमच्यासमोर वाचेलही तीच. ती शाळेत शिकवते, तेव्हा मध्येच थांबून तिनं ‘मागच्या बाकावर कोण बोलतंय’ असं विचारलं तर रागावू नका. मी स्वतः आले नाही, कारण शेळ्या विताहेत.

देलियाबाईंच्या विद्वत्तेबद्दल इतर वक्ते बोलतीलच. त्यांनी किती निबंध लिहिले, किती देश पाहिले, ते मला ठाऊक नाही. मला एवढं ठाऊक आहे, की ज्या उन्हात सरडासुद्धा झुडपाखालून हलत नाही, त्या उन्हात ही बाई पोटावर पालथी पडून एका मुंगीची वाट बघायची. अशा बाईचा सत्कार नाही करायचा तर कुणाचा?

पण मला आज नुसतं कौतुक करायचं नाहीये. शनिवारी बाई कायमच्या दक्षिणेला, बहिणीकडे निघणार आहेत. बाई आणि डॉक्टर पेस्कारा अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. मी इथं बसून पैजेवर सांगते, आत्ताही दोघांच्या खुर्च्यांमध्ये संचालकबाईंना बसवलं असेल. संचालकबाई, त्याबद्दल दिलगीर आहे. का बोलत नाहीत, तेही तुम्हाला माहीत आहे. निदान तुम्हाला तसं वाटतं. खरं काय झालं ते मला माहीत आहे, आणि ते शनिवारच्या आधी सांगायला हवं. त्यासाठी आधी मुंगीचं सांगते.

आमच्याकडे रोज सकाळी अंगण झाडतात, हारियाच्या झुडपाच्या काटक्यांच्या खराट्यानं, शेळ्यांच्या वाडग्यापर्यंत. शहरातल्यांना वाटतं स्वच्छतेसाठी. तसं नाही. झाडलेल्या वाळूवर कोण येऊन गेलं ते उमटतं. कोल्हा आला, साप गेला, शेजाऱ्याची घोडी सुटली, सगळं वाचता येतं. मला माझी प्रत्येक शेळी खुरावरून ओळखता येते. चुकलेल्या जनावराचा माग काढायला लोक मला चार-चार कोसांवरून न्यायला येत. तेवढीच माझी विद्या, आणि तिचा मला गर्व होता. गर्व होता, हेही लिही गं नेलिदा.

पंधरा वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा आल्या, दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांसाठी. आठवड्यानं मला मानानं ‘दोन्या’ अशी हाक मारून म्हणाल्या, “दोन्या त्रान्सितो, तुमच्या अंगणात मुंगी एकच आहे.”

“एकीसाठी एवढी मोठी जीप आणलीत, बाई?”

“म्हणजे एकच प्रजाती हो.”

“दोन आहेत. एक सकाळची, एक दुपारची.”

“सकाळचीच दुपारीसुद्धा बाहेर येते.”

“मग एकदा तुम्हीसुद्धा दुपारी बाहेर या.”

माझा नवरा सेगुंदो तेव्हा होता. तो हसून हसून खोकला. दोन उन्हाळे बाईंनी आमचं ऐकलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात आल्या बाहेर. मी वाळूवर बोट ठेवून दाखवलं. सकाळची मुंगी रांगेनं जाते, दाणा ओढत. तिची वाट फणी फिरवल्यासारखी दिसते. दुपारची एकटी निघते. वीतभर धावते, एखाद्या वाळक्या काडीवर चढून पाय गार करते, पुन्हा धावते. तिच्या मागे वाट उरत नाही, टाके उरतात, शिवणीचे घालतात तसे. वाळूत खुपसलेला पारा त्या दिवशी एकसष्टवर होता. बाई तासभर उठल्या नाहीत. उठल्या तेव्हा त्यांच्या कोपरांची सालं निघाली होती आणि त्या मला म्हणाल्या, “मला माफ करा.” मोठ्या माणसाला माफी मागताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. तेव्हाच शिकून घ्यायला हवं होतं.

मग डॉक्टर पेस्कारा आले. दोघं शिकायला एकत्र होते, तीस वर्षांची मैत्री. आमच्याकडे माते, म्हणजे पाल्याचा कडू चहा, एकाच तुंब्यातून, एकाच नळीनं सगळे पितात. या दोघांना तुंबा पुढे करावा लागत नसे, न बघता हात जायचा. डॉक्टरांनी भिंगाखाली दात मोजले. सकाळचीच्या जबड्याला सहा, दुपारचीच्या सात. हनुवटीखाली वाळू उचलायला जी दाढी असते, ती दुपारचीची लांब आणि विरळ. मुंगीला दाढी असते हे कळल्यावर सेगुंदोनं आठ दिवस दाढी केली नाही.

पण डॉक्टर कडक माणूस. माझ्या चुलीशी रस्सा खाता खाता म्हणाले, “देलिया, तुझ्याकडे अकरा कामकरी आहेत, त्याही एकाच वारुळातल्या. एका घरातल्या सगळ्यांना सहा बोटं असली, म्हणून ती माणसाची निराळी प्रजाती होत नाही.”

“मग काय हवंय तुला?”

“राणी हवी. नर हवा. दुसरं वारूळ हवं. ते मिळत नसेल तर हेच खण आणि राणी काढ.”

“जगात माहीत असलेलं एकुलतं एक वारूळ खणू? पावसानंतर राण्या उडतील तेव्हा घेईन. थांब तोवर.”

“आणि नाही उडाल्या तर?”

“इलारियो, या वारुळाला फावडं लावलंस ना, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी.”

डॉक्टर हसले आणि भाकरी रश्शात बुडवली. मी त्यांना आणखी वाढलं. वारूळ वाडग्यामागे होतं. बाईंनी शेजारी निळी काठी रोवून ठेवली होती.

पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जुलैत, सेगुंदो गेला. खोकलाच होता तो.

नोव्हेंबरात रेडिओवर निरोप आला: बाई गुरुवारी येताहेत, बरोबर परदेशातले पाहुणे. सुतकानंतर माझ्या घरी येणारे ते पहिले पाहुणे. आता आमची रीत सांगते. लांबचा पाहुणा यायचा असला की घरापासून वाडग्यापलीकडे जागा साफ करायची आणि जिथं जिथं मुंग्यांचं बीळ असेल तिथं चीज गाळून उरलेलं पाणी उकळून ओतायचं, फावड्यानं उकरून पुन्हा ओतायचं, वर राख टाकायची. पाहुणा ठेंगण्या पाटावर बसतो. त्याला मुंगी चावली तर घराची नाचक्की. माझ्या आईनं हेच केलं, तिच्या आईनं हेच.

डॉक्टर सोमवारी एकटेच येऊन आपला पारा वाळूत ठेवून गेले होते. मंगळवार-बुधवार सोंदा वारा सुटला. तो गरम वारा सुटला की अंगणावरची सगळी लिपी पुसली जाते. गुरुवारी पहाटे मी वाडग्यामागे गेले. निळी काठी दिसली नाही. एक मातीनं बुजलेलं बीळ होतं आणि त्याच्यावरून सकाळच्या मुंग्यांची रांग चाललेली. मी वाचलं: सकाळचीचं घर. काठीवाली जागा पलीकडे असणार. मला शंकासुद्धा आली नाही. शंका आली असती तर दुपारपर्यंत थांबले असते. दुपारच्या मुंग्या रात्री दार बुजवून घेतात हे मला डॉक्टरांच्याही आधीपासून माहीत होतं. दोन हंडे ओतले. खोल उकरलं. राख टाकली. झाडून घेतलं.

मग दुपार झाली. मी सावलीत बसून वाट पाहिली. वाळूवर एकही टाका उमटला नाही.

निळी काठी एका झुडपाखाली सापडली, वाऱ्यानं लोटलेली. मी ती उचलली, आणली आणि उकरलेल्या मातीत पुन्हा रोवली. चूक पहाटे झाली होती. काठी रोवली ते मात्र चुकून नव्हतं.

संध्याकाळी बाई आल्या. राख वाऱ्यानं उडाली होती, खाली उकरलेली माती दिसत होती. त्या गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही हातांनी माती वर काढत राहिल्या. पाहुणे बिचारे टोप्या हातात धरून उभे. बाईंनी मान वर न करता विचारलं, “इथं कोण आलं होतं?”

मी म्हटलं, “डॉक्टर येऊन गेले. सोमवारी.”

यातला शब्दन् शब्द खरा आहे.

रविवारी डॉक्टर धावत आले. माझ्या अंगणात उभे राहून म्हणाले, “देलिया, मी हात लावलेला नाही.”

“मग कुणी लावला?”

डॉक्टरांनी भिंतीला टेकवलेल्या माझ्या फावड्याकडे पाहिलं. ते धुतलेलं होतं. वाळवंटात फावडं कोण धुतं? मग त्यांनी माझ्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं. आणि टोपी डोक्यावर ठेवून परत निघाले. बाई त्या दिवसापासून आपला तुंबा वेगळा आणू लागल्या.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, कळलं होतं. नवरा जाऊन चार महिने झालेल्या बाईच्या अंगणात तुम्ही तिची चूक आपल्या अंगावर घेतलीत आणि तशीच अंगावर ठेवलीत. दर वर्षी तुमच्या झाडाचे अक्रोड पाठवता. मी त्यातला एकही खाल्लेला नाही. पोरांना वाटले.

मी का बोलले नाही? लाज, हे एक. जिला मुलूख माग काढणारी म्हणतो तिला स्वतःचं अंगण वाचता आलं नाही. आणि दुसरं, घर तेव्हा फार गप्प झालं होतं. बाई यायच्या बंद झाल्या तर त्या घरात कुणाचा आवाज उरणार होता?

तीन उन्हाळे बाई दुसरं वारूळ शोधत फिरल्या. मी प्रत्येक दुपारी बरोबर होते. लोक म्हणायचे, म्हातारीची केवढी माया. माया होतीच, पण बाईंच्या पुढे चालताना मला मागे वळून त्यांच्याकडे बघवत नसे. तिसऱ्या वर्षी, कोरड्या तळ्याच्या काठी, मला वाळूवर टाके दिसले. सात वारुळं निघाली. राणी मिळाली, नर मिळाले. डॉक्टरांनी जे जे मागितलं होतं ते सगळं. बाईंनी मुंगीला माझं नाव द्यायचं ठरवलं. मी नको म्हटलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माझ्या विनयाचं कौतुक केलंत. जिचं घर मी उकळत्या पाण्यानं भरलं, तिला माझं नाव कसं लावू देऊ? शेवटी लॅटिनमध्ये तिचं नाव ‘दुपारची’ असंच ठेवलं. आम्ही म्हणत होतो तेच.

बाईंनी त्या मुंगीवर लिहिलेल्या निबंधाच्या शेवटी आभार आहेत. नेलिदानं मला वाचून दाखवले. माझं नाव आहे, जीपवाल्याचं आहे, रेडिओवाल्याचं आहे. सातवा दात ज्यांनी पहिल्यांदा मोजला त्यांचं नाही.

नेलिदानं आत्ता पेन खाली ठेवलंय. विचारतेय, “आजी, हे सगळ्यांसमोर वाचू?”

“वाच.”

“मग तू चल ना बरोबर.”

“शेळ्या विताहेत.”

“शेळ्या मामा बघेल, आजी. तोच बघतोय आठ दिवस.”

खरं आहे. शेळ्या विताहेत हेही खरंच आहे, सोमवारसारखं खरं. पुन्हा तेच करत होते मी. मी आले नाही, कारण बाई ऐकत असताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. तेवढं धैर्य नाही. आहे तेवढं पाठवलंय.

बाई, वारूळ मी मारलं. डॉक्टरांनी नाही. तुमची अकरा वर्षं परत द्यायला माझ्याकडे काही नाही. तुम्ही मला दाराबाहेर काढलंत तरी मी ते समजून घेईन. पण संचालकबाईंच्या पलीकडे जो माणूस बसलाय, त्याच्याकडे शनिवारच्या आधी एकदा वळून बघा.

संचालकबाईंनी एका अडाणी बाईला एवढा वेळ बोलू दिलं, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर ते नातीनं लिहिलंय, तिला माफ करा. बाकीचं माझं आहे. त्याची माफी सभेकडे मागत नाही, दोघांकडे मागते.

नेलिदाच्या हाती मातीच्या भांड्यात एक चीज पाठवलंय, न कापलेलं. एकाच सुरीनं, दोघांत कापा. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तुम्ही दोघं विसरला नसाल. माझ्यावरचा राग गेला नसेल तर खुशाल रिकामं पाठवा, मला कळेल. गेला असेल तर बाईंनी त्यात आपल्या हातचा मेंब्रियोच्या फळाचा घट्ट मुरंबा घालावा, आणि त्याच भांड्यात, वेगळ्या पिशवीत नाही, डॉक्टरांनी आपले अक्रोड. मात्र फोडलेले नकोत. वाटेत खवट होतात. सालीसकट पाठवा, मी फोडून खाईन.