दाजींच्या वाटणीचं आभाळ

काकी, आपा, रापणकर मंडळी, आणि लांबून आलेल्या सगळ्यांनो,

रापणीच्या या मांगरात, जाळी ठेवायच्या या खोपटात, दाजींच्या आठवणीसाठी मला बोलायला उभं केलंत. खरं तर हा मान तुमच्यातल्या कुणाचा तरी. तुम्ही दाजींबरोबर दोर ओढलात. मी फक्त त्यांचे डोळे तपासले. मी मालवणात दवाखाना चालवते, डोळ्यांची डॉक्टर आहे, आणि मला भाषण करता येत नाही. कालपासून मनात वाक्यं जुळवत होते, इथे आले, जाळी टांगलेली पाहिली आणि ती सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. तेव्हा जसं आठवेल तसं सांगते.

बाहेरून आलेल्यांसाठी एवढं सांगायला हवं की रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, आणि दाजी या रापणीची नजर होते. पहाटे वाळूवर बसायचे, पाण्याकडे बघायचे, आणि माशांचा थवा दिसला की उठून खांद्यावरचा पंचा हलवायचे. पंचा हलला की होडी जाळं घेऊन निघायची आणि सगळा वाडा धावत यायचा, बायका, म्हातारे, सगळे. दाजींनी उगाच पंचा हलवला असं कधी झालं नाही. हे तुम्हीच मला अभिमानाने सांगितलंत.

असे हे दाजी माझ्याकडे आले ते चष्म्यासाठी. जाळं विणताना सुईत दोरा जात नव्हता. बाकी काही तक्रार नाही. दुखणं नाही, लाली नाही, काही नाही. मी सवयीप्रमाणे बाहुली मोठी करून आत बघितलं, आणि मला शंका आली. काचबिंदूची शंका. मंडळी, काचबिंदू दुखत नाही हो. तो कडेकडेने नजर खात येतो आणि खाताना आवाज करत नाही.

मी त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. पडद्यावर नसेच्या धाग्यांचा एक थर असतो. त्या थराची जाडी आमचं मशीन मोजतं. तो खालच्या बाजूला जरासा विरळ झाला होता. जरासाच. म्हटलं, बरं झालं, लवकर सापडलं. मग नजरेची परीक्षा घेतली. एक पांढरं, आतून गोल भांडं असतं. त्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेतरी बारीक उजेड लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. इतकी सोपी परीक्षा.

आणि निकाल आला तो काळाकुट्ट. दोन्ही डोळ्यांचा. अर्धी नजर गेलेली दाखवत होता कागद. दाजींबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीने, काकींनी, तो बघितला, मला आठवतंय, त्यांनी कागदावर हात ठेवला आणि विचारलं, ह्या सगळा काळा म्हणजे तेंका दिसणा नाय?  दाजी निघताना दारात थांबले आणि एकच विचारलं.

"डोळे माज्या आदी जातले काय गो बाय?"

मी फोटो आणि कागद शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले.  फोटो सांगत होता, आजार नुकता सुरू झालाय. परीक्षा सांगत होती, फार उशीर झालाय. दोघांपैकी एक चुकत होतं. उशीर झाला असेल तर लगेच ऑपरेशनला पाठवायला हवं होतं, आणि ऑपरेशन म्हणजे जोखीम. नसेल तर रोज एक थेंब पुरे होता. आणि एक गोष्ट मला छळत होती. परीक्षेत माणसाची नजर हलते, मशीन ते टिपतं. दाजींची नजर हललीच नव्हती. इतके शांत डोळे मी तोवर कुणाचे पाहिले नव्हते. असा माणूस चुकतो कुठे?

म्हणून एका सकाळी मी इथे आले. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, डॉक्टरबाई चप्पल हातात घेऊन वाळूतून येतेय म्हणून हसला होतात. दाजींच्या शेजारी बसले. धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. सगळं एकच दुधट, आवाज नसलेलं. होड्यासुद्धा झोपेत असल्यासारख्या. मी किती वेळ बसले मला माहीत नाही. मलाच तंद्री लागली, आणि त्या तंद्रीत वाटलं, आपण दोघं त्या पांढऱ्या भांड्याच्या आत बसलोय.

मग मला दूर काहीतरी काळसर दिसलं. मी दाजींना दाखवलं. ते म्हणाले, कवापासून बघतंय. मग पंचा का हलवत नाही, मी विचारलं. तर माझ्याकडे न बघता म्हणाले,

"वाटता म्हणजे दिसला नाय."

एवढंच. आणि बसून राहिले. ते काळसर विरून गेलं. ढगाची सावली होती. दाजींनी सांगितलं, त्यांच्या तरुणपणी एकाने नुसत्या वाटण्यावर हाक दिली होती. सगळा वाडा दिवसभर दोर ओढत राहिला आणि जाळ्यात शेवाळ आलं. त्या माणसाला पुढे कुणी बोल लावला नाही, पण त्यानेच वाळूवर बसणं सोडलं.

मी हळूच विचारलं, दाजी, माझ्या मशिनीत पण असंच केलंत?

तर म्हणाले, व्हय तर. वाटला तेवा गप रवलंय. दिसला तेवा दाबलंय.

मंडळी, मला हसावं की रडावं कळेना. कागदावर काळे झालेले बहुतेक उजेड त्यांना दिसले होते! फक्त खात्री नव्हती म्हणून त्यांनी बटण दाबलं नव्हतं. बाकीचे लोक कसे, दोन मार्क जास्त मिळावेत म्हणून दिसलं नाही तरी दाबतात. आमचे दाजी उलटे.

दुसऱ्यांदा परीक्षा घेतली तेव्हा मी शेजारी बसले. सांगितलं, इथे कुणी दोर घेऊन धावत येणार नाही. नुसतं वाटलं तरी दाबा. त्यांना ते फार जड गेलं. खोटं बोलल्यासारखं होतं म्हणाले. पण दाबलं. आणि या वेळी कागद स्वच्छ आला, फक्त वर, नाकाच्या बाजूला, एक करडा डाग. फोटोत जिथे विरळ होतं त्याला नेमका जुळणारा, कारण डोळ्यात खाली जे बिघडतं ते नजरेत वर दिसतं. फोटो आणि परीक्षा, दोघांचं एकमत झालं. मी दाजींना सांगितलं, वरचा कोपरा तेवढा गेलाय. ते विचारात पडले आणि म्हणाले, वर तर आभाळ. मासे खाली आसतत.

मग थेंब सुरू झाले. रोज संध्याकाळी, काकींच्या हातून. काकी, तुम्ही एक दिवस चुकवला नाहीत. तुमचे उपकार मी तरी विसरणार नाही.

वर्षातून दोनदा दाजी यायचे. त्यांना ते पांढरं भांडं आवडायला लागलं होतं. उजेड लुकलुकला की लांब पाण्यात एकच बांगडा कूस बदलतोय असं वाटतं म्हणायचे. मशीन बंद झालं तरी तोंड आत घालून बसून राहायचे आणि मीही त्यांना उठवायचे नाही. बाहेर पेशंट कुरकुरायचे. कुरकुरू देत.

एकदा विचारलं त्यांनी, त्या डागाच्या जागी माका काळा का दिसणा नाय? मी सांगितलं, मेंदू रिकामी जागा ठेवत नाही, शेजारचं उचलून तिथे भरतो. म्हणजे थंयचा आभाळ खरा नाय? नाही दाजी, ते तुमच्या मनातलं. यावर किती खूश झाले! तेवढा आभाळ माजा मगे, म्हणाले, कोणाचा नाय. घरी जाऊन धाकट्या भावाला, आपांनाही, सांगितलं आणि स्वतः हाताला धरून त्यांना तपासायला आणलं, कारण हा आजार भावंडांत, मुलांत उतरतो. आपांचे डोळे चांगले निघाले. तुम्हीही या, सगळे या, दुखायची वाट बघू नका.

शेवटच्या तपासणीत तो डाग होता तेवढाच होता. केसभरसुद्धा वाढला नव्हता.

त्या सकाळचं तुम्हाला माहीत आहे. दाजींनी पंचा हलवला, जाळं भरून आलं, चहा पिऊन ते दोरांच्या ढिगावर आडवे झाले आणि उठले नाहीत. मला कळलं ते असं. दवाखान्यात आपा आले. हातात बांगडे भरलेली पिशवी, त्या दिवशीच्या मासळीतला वाटा. म्हणाले, "बाय, ह्यो वाटो आदी ठेव. दादान सकाळीच सांगितलान, पयलो वाटो डॉक्टर बायक. मगे सांगतंय." मी पिशवी आत ठेवून आले. मग त्यांनी सांगितलं.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा दाजींचे डोळे अर्धे उघडे होते. काकींनी कुणाला हात लावू दिला नव्हता. माझी वाट बघत होत्या. म्हणाल्या, "डोळे तूच मीट."

दाजींचे डोळे त्यांच्या आधी गेले नाहीत. त्यांच्याबरोबर गेले. मी ते मिटले. माझ्या हाताने. 

आता थोडा वेळ आपण शांत राहू. अशा वेळी आपण डोळे मिटतो. आज मिटू नका. मांगराची ही बाजू उघडी आहे, समोर समुद्र आहे. त्याच्याकडे बघत उभे राहू या.

दाजी, नमस्कार.