ईराला आत कोण नेणार?

नाही नाही, यतीन, आत नको जाऊस अजून, ईराची गाडी येऊ दे. इथेच चर्चच्या पोर्चमध्ये थांब. ही कमान बघ — वर ती नक्षी आहे ना, करवतीच्या दातांसारखी? नॉर्मन काळातली. नऊशे वर्षं जुनी. टॉवर नंतरचा, त्याचा दगडही वेगळा, हात लावून बघ. आणि गंमत माहितीये? पूर्वी लग्नं इथेच लागायची, दारात. आत जायचं ते फक्त प्रार्थनेला. म्हणजे बापाला मुलीचा हात धरून एवढं लांब चालायची भानगडच नाही. बरं होतं.

हसतोस काय? तूच ने तिला आत. आपल्याकडे मुलीला मांडवात मामाच आणतो ना? मग! नागपूरहून एवढा सूट शिवून आलायस. मी बसतो सुनीतीशेजारी, तुझ्या ताईशेजारी. तिला सांगेन काहीतरी. ईराने जानेवारीत विचारलं होतं, बाबा, तू मला आत नेशील ना? मी म्हटलं, बघू. बघू! त्यानंतर तिने विचारलं नाही, मी बोललो नाही. टॉमशी कसलं भांडण, सोन्यासारखा मुलगा आहे. पण पुढच्या महिन्यात चाललेत ना दोघं ऑकलंडला, कायमचे.

किती वाजले? कुठे अडकली ही गाडी? — हां, तर आत मधली वाट सरळ वाटते, पण वेदीकडचा भाग किंचित डावीकडे कलतो. बांधणाऱ्यांचं चुकलं म्हणतात. तिथे पायरी आहे, तिचा गाऊन अडकेल, जपून ने — मला कसं माहीत म्हणतोस? येतो मी इथे. शनिवारी. सुनीतीला सांगतो, वॉकला जातो. चर्च रिकामं असतं. दारापासून चालून बघतो. दरवेळी मधल्या खांबापाशी थांबतो, नक्षी बघतो, भिंतीवरच्या पाट्या वाचत बसतो — पुढे पायच उचलत नाही. आयुष्यभर ऑपरेशनआधी लोकांना भूल दिली रे मी, कधी घाबरलो नाही. इथे भीती वाटते. तिकडे पोचलं की हात सोडायचा, बस. मग ती गेलीच.

आली गाडी. उतरतेय — बघ, कुणाला शोधतेय ती? इकडे, अगं, इकडे! — अरे, तू कुठे निघालास पुढे? सरक. तुझं काम उद्या, आपल्या पद्धतीच्या लग्नात, लेस्टरच्या हॉलमध्ये, अंतरपाटाशी. माझा टाय नीट आहे ना? मग जा आत, ताईशेजारी बस. जा ना, यतीन!