दादरचे सासरे आणि मेडनहेडचा प्रचारक

अरे, आमचे सासरे माहितीयेत ना? बाहेरच्यांनी दादर बिघडवलं म्हणणारे. ते इंग्लंडात मेडनहेडला आमच्याकडे आले आणि नेमकी कौन्सिलची निवडणूक लागली. दारात एक गोरा प्रचारक. म्हणाला, "बाहेरचे येऊन बसलेत. आम्ही गोरे आमच्याच गावात पाहुणे झालोय. दुकानात आमची भाषा ऐकू येत नाही."

सासऱ्यांचे डोळे पाणावले. त्याला आत बसवून चहा दिला, समोर बाकरवडी ठेवली आणि इंग्रजीत बजावलं, "सेम प्रॉब्लेम इन दादर. थ्रो देम आउट, वन बाय वन." त्याने गोंधळून सगळी बशी संपवली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो बाबा, इथे बाहेरचे म्हणजे आपण."

सासरे रिकाम्या बशीकडे बघत बसले. मग म्हणाले, "आधी सांगायचं ना. शेवटच्या बाकरवड्या होत्या."