फाटकावरचा कडू घास

ऋजुता : म्हणजे पिशवी अजून फाटकालाच लटकतेय?

विद्युल्लता : लटकतेय. खिडकीतून दिसते इथून. ऊन खात बसलीय, बसू दे.

ऋजुता : काकू, अर्धा तास झाला. माझ्या फोनवर केव्हाच आलं, ‘आपका खाना पहुँच गया’.

विद्युल्लता : पोचलं तर पोचलं. मी मागवलं नव्हतं.

ऋजुता : मी मागवलं. इथं धारला बसून देवासला मागवलं. काल सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही.

विद्युल्लता : चहा झाला की. दोनदा.

ऋजुता : आणि गोळ्या? चहावरच?

विद्युल्लता : हे बघ ऋजू. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. म्हणून मी काही केलं नाही. आणि कडू घास आप्तांनी आणायचा असतो, तो विकत येत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा चार घरांतून पिठलं-भात आला होता. तुझी आई तर लांबच्या नात्यातली, पण धारहून डबा घेऊन आली, इंदूरला बस बदलून. भात आंबला होता वाटेत, तरी आम्ही खाल्ला.

ऋजुता : मीपण आले असते. आम्ही तिघं पॉझिटिव्ह आहोत. चिऊला आजही ताप आहे. गल्ली बांबू-बल्ल्या लावून बंद केलीय. कशी येऊ, सांगा.

विद्युल्लता : तुला कोण बोल लावतंय?

ऋजुता : शेजारी उमाशंकरजींना फोन केला होता मी.

विद्युल्लता : त्यांच्याकडे चौघं आडवे आहेत. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो. तरी सकाळी गच्चीवर येऊन हात जोडून उभे राहिले बिचारे. जोडायचे तरी कुणाला? तुझ्या अण्णाकाकांना दवाखान्यातूनच परस्पर नेलं. अग्नी नगर निगमच्या माणसानं दिला. मला फोनवर दाखवलं. त्याचा अंगठा मध्ये येत होता सारखा.

ऋजुता : मला पाठवलाय निगमवाल्यांनी तो व्हिडिओ. बघितला नाही मी.

विद्युल्लता : नकोच बघूस.

ऋजुता : मग आता खाणार काय तुम्ही?

विद्युल्लता : दोन दिवसांनी काही मरत नाही माणूस. आणि त्या पिशव्यांचं तर नाव काढू नकोस माझ्यापुढे. ते ॲप अण्णांच्या फोनवर कुणी घातलं?

ऋजुता : मीच. दिवाळीत.

विद्युल्लता : तेव्हापासून चटक लागली. आठवड्यातून दोनदा कचोरी. सत्तरी उलटलेला माणूस, ‘अगं ये, गाडी कुठं आली बघ नकाशात’ म्हणून मला ओट्यापासून बोलवायचा. मग मी पिशवी गच्चीवर तासभर उन्हात ठेवायची. डबा साबणानं धुवायचा. कचोरी तव्यावर परतायची. तोवर तिचा दगड व्हायचा. तरी खायचे.

ऋजुता : मला सांगायचे ना. म्हणायचे, तुझी काकू कचोरीला सोवळं नेसवते.

विद्युल्लता : हसत असाल दोघं.

ऋजुता : हसायचो.

विद्युल्लता : हसा. त्या पिशवीतूनच आलं ते घरात. कुणी बांधली, कुणी आणली, कुणाला ठाऊक.

ऋजुता : काकू, मलाही तेच वाटतं. त्यांना भरती केलं त्या दिवसापासून वाटतंय. डॉक्टर लोक कंठशोष करून सांगतायत की खाण्यातून नाही होत, श्वासातून होतं. मी स्वतः दहा जणांना समझावलंय हे. तरी डोक्यातून जात नाही. बटण दाबायला मीच शिकवलं त्यांना. चला, माझ्यामुळे झालं, मी मान्य करते. पण तुम्ही जेवा.

विद्युल्लता : असलं बोलू नकोस.

ऋजुता : तुम्हीच म्हणालात आत्ता.

विद्युल्लता : म्हणाले. पंधरा दिवस हेच म्हणतेय सगळ्यांना. पुण्याला वन्सांनाही हेच सांगितलं. ऋजू, मी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं.

ऋजुता : यंदा? कर्फ्यूमध्ये?

विद्युल्लता : पाचच जणी. मागच्या दारानं आल्या, तोंडाला मास्क लावून. मग पन्हं प्यायला काढलेच सगळ्यांनी. अण्णा म्हणत होते, या वर्षी राहू दे, देवी रागावणार नाही. मी म्हटलं, तुमची बाजारची कचोरी चालते, आणि माझी डाळ चालत नाही? घरची कैरी, घरचा पाटा, सोवळ्यात वाटलेली. घरच्या खाण्यानं काय होणार आहे? एकीला ठसका लागला होता. म्हणाली, मिरची तिखट आहे.

ऋजुता : मग?

विद्युल्लता : चौथ्या दिवशी मला ताप आला. आधी मला आला. मी गोळी घेऊन पोळ्या लाटल्या, दोन दिवस कुणाला बोलले नाही. मग त्यांना आला. मी उठले, ते उठले नाहीत. एवढंच आहे सगळं.

ऋजुता : अण्णांना माहीत होतं?

विद्युल्लता : दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, घरात कोण आलं-गेलं? हे पट्कन म्हणाले, ‘कोई नहीं आया साहब, मैं ही बाहर का खाता था।’ आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. मी शेजारीच उभी होते. खोडून नाही काढलं.

ऋजुता : काकू, काय बोलू? मराठीत सुचत नाहीये मला.

विद्युल्लता : कुठल्याच भाषेत बोलू नकोस. मला फार लाज वाटते ऋजू. कचोरीवर ढकलून मोकळी झाले मी, आणि तू तिकडे ते खरं मानून बसलीस.

ऋजुता : तुम्हाला वाचवायला बोलले ते. उपाशी मारायला नाही. जा, पिशवी आणा. मी फोन ठेवत नाही.

विद्युल्लता : थांब. चप्पल घालते.

(बराच वेळ फोनवर फक्त पंख्याची घरघर.)

विद्युल्लता : आणली. तशीच आणली, धुतली-बितली नाही.

ऋजुता : उघडा. पिठलं खूप शोधलं, देवासात कुणाकडे नाही. दाल तडका सांगितलाय, भात आणि चार फुलके.

विद्युल्लता : भात आहे. फुलके आहेत, कोरडे, तूप नाही लावलेलं. डाळ… काय मागवलं होतंस म्हणालीस?

ऋजुता : दाल तडका. का? दुसरं आलं काही?

विद्युल्लता : तडकाच नाहीये याला. हळदसुद्धा नाही. नुसतं शिजवलेलं वरण आणि मीठ.

ऋजुता : ये देखो. फोटो पाठवा मला, मी कंप्लेंट टाकते. लगेच दुसरं पाठवतात.

विद्युल्लता : थांब जरा. हॉटेलवाला फोडणी कशी विसरेल? तू काही कळवलं होतंस त्यांना?

ऋजुता : नाही हो. एक जागा असते तिथं, सूचना लिहायला. तुम्ही दमलेल्या, म्हणून लिहिलं, ‘घर में गमी हुई है, घंटी मत बजाना, फाटक पर टाँग देना।’ बस, एवढंच.

विद्युल्लता : वाचलंय मग कुणीतरी. आपण सुतकात फोडणी घालत नाही ना, तसं इकडे माळव्यातही गमीच्या घरी छौंक देत नाहीत.

ऋजुता : म्हणजे मुद्दाम केलं?

विद्युल्लता : मुद्दामच. कोण असेल कुणास ठाऊक. एवढ्या गर्दीत, एवढ्या ऑर्डरींत.

ऋजुता : मग कंप्लेंट नको करू?

विद्युल्लता : अजिबात नको.

ऋजुता : बरं. घेताय ना?

विद्युल्लता : कालवलाय भात. घशाखाली उतरत नाही.

ऋजुता : उतरेल. घाई नाही कसली.

विद्युल्लता : मला त्यांना सांगायचं होतं ग, माझ्यामुळे झालं म्हणून. माझ्या मास्कमधून काही ऐकू जात नव्हतं त्यांना.

ऋजुता : माहीत होतं त्यांना. म्हणून तर ते डॉक्टरशी तसं बोलले.

विद्युल्लता : हं.

ऋजुता : दुसरा घास घ्या.

विद्युल्लता : घेतला. चवीला बरं आहे वरण.

ऋजुता : संपवा सगळं. चिऊ उठलेली दिसते, हाका मारतेय. मी चार वाजता परत करते फोन. चला, येते हं काकू…

विद्युल्लता : येते म्हणू नये.

ऋजुता : का?

विद्युल्लता : कडू घास घेऊन आलेल्यानं जाताना ‘येते’ म्हणायचं नसतं. न बोलता उठायचं. ठेव तू फोन.