जिना नसलेलं घर

चोरीला गेलेल्या स्कूटरची तारीख होती, म्हणून शिवणकाम करणाऱ्या काकू कोर्टाबाहेरच्या बाकावर ताटकळत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारी आणि हाताला प्लास्टर घातलेली तरुणी बोलत होत्या. मायलेकी असाव्यात, असं समजून काकूंनी कान टवकारले.

"ह्यांचे वकील म्हणतात, मी जिन्यावरून पडले असं सांगितलं की केस मिटेल."

"आणि मग?"

"मग हे घरी येतील. सुधारेन म्हणतायत."

"त्याचा बापही म्हणायचा. मी कोर्टात दोनदा जिन्यावरून पडले. आमच्या घराला जिनाच नव्हता."

"हसताय काय, आई? तुमचाच मुलगा आहे. तुरुंगात गेला तर?"

"तर डबा घेऊन जाईन. पोटचा आहे माझ्या. पण त्या दिवशी दारात मी उभी होते, डोळ्यांनी पाहिलंय. ते सांगणार."

काकू स्कूटर विसरल्या.

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला. "साक्षीदार कोण? चला लवकर!"

म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली.

"तुम्ही बसा, आई," तरुणी उभी राहिली. "आधी मी सांगते. खरं तेच सांगते."