हार घातलेला नमुना

शिकलेल्या म्हाताऱ्यांना सत्काराची हौस किती महागात पडते, ते ऐका. कॉलेज मी सोडलेलं, पण तिथल्या म्हाताऱ्या सरांच्या लॅबचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून मोटरसायकलवर मीच पोचवायचो. एकच नमुना बुलढाणा, चिखली आणि खामगावच्या लॅबमध्ये तपासायचा, आणि सरही प्रत्येक ठिकाणी जातीनं जायचे. प्रोटीनवर चिकटलेल्या फॉस्फेटचा आकडा तिन्हीकडे सारखा यायला हवा. खामगावचा निम्माच आला.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तूच बर्फ वितळू देला असशील. अर्धवट शिकलेल्याले काम देलं, माहीच चूक. उद्यापासून येऊ नको."

मी म्हटलं, "बर्फ शाबूत होता, सर. खामगावले तिथल्या लोकायनं नमुन्याची नळी बाहेर काढून टेबलावर मांडली, तिले हार घातला, अन् तुम्ही पाऊण तास भाषण देलं."

"मंग?"

"नमुना गरम झाला की फॉस्फेट सुटून जाते, हे तुम्हीच शिकवलं. चिखलीत तुमचा घसा बसला होता. म्हणून तिथला आकडा जुळला."

आधी शिपाई हसला, मग सगळी लॅब, शेवटी सरही.

दुसऱ्या दिवशी तिन्ही लॅबसाठी नियमांचा कागद निघाला. पहिला नियम सरांच्याच अक्षरात होता: नमुना पोचताच बर्फात ठेवावा, सत्कार रिकाम्या पेटीचा करावा.

पेटी अजून मीच नेतो.